निदान कुणाच्या मालकीचं?

वर्धा शहर सरता सरता नालवाडी लागते. एकेकाळी हे दोन मैलांवरचं वेगळं गाव होतं. आता शहर कुठे संपलं आणि गाव कुठे सुरू झालं हे कळायला ग्रामपंचायतीची पाटी शोधावी लागते. रस्त्याकडेच्या पानठेल्यावर सकाळपासून एकच हालचाल चालू असते. सुपारीची कतरण, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालायचा, पन्नीची पुरचुंडी वळायची आणि पाटीवर तळहाताने रगडत राहायचं. चुना भिनतो, सुपारी ओलसर होते, तंबाखूचा रंग तिला चढतो आणि खर्रा तयार होतो. गिऱ्हाईक तो गालात धरतं, कुणी डाव्या, कुणी उजव्या, ज्याची जशी सवय. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा डोळ्यांसमोर घोटून मिळतो. काही वर्षांनी तोंड पुरतं उघडेनासं झालं, तिखट लागेनासं झालं, की डॉक्टर आधी सवयीच्या बाजूचा गाल बघतात.

इथून जवळच सेवाग्राम. सुशीला नय्यर यांनी १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, तिथे ग्रामीण भागातलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय काढलं. त्याच संस्थेत २०१० पासून वर्धा जिल्ह्याची कर्करोग नोंदणी होते. कुठल्या गावच्या माणसाला कुठल्या अवयवाचा कर्करोग झाला, हे तिथल्या वह्यांत आणि संगणकांत उतरतं. पुरुषांत तोंडाचा पुढे, बायकांत स्तनाचा.

गालातल्या त्या गाठीच्या पेशींत डीएनएची अक्षरं चुकलेली असतात. ती चूक वाचण्याच्या रीतीवर कुणाचं नाव लागावं, याचा हा इतिहास. त्याची मोठी प्रकरणं अमेरिकेत, मुंबईत आणि चेन्नईत घडली. मी मात्र सुरुवात नालवाडीपासून करतो, आणि ती केवळ गावच्या प्रेमापोटी नाही.

१९३२ च्या डिसेंबरात विनोबा वर्ध्याचा आश्रम सोडून नालवाडीला राहायला आले. वस्ती मुख्यतः दलितांची. फक्त सूतकताईच्या मजुरीवर माणसाचं पोट भरतं का, हा हिशेब त्यांना स्वतःच्या अंगावर करून पाहायचा होता. १९३४ मध्ये ग्रामसेवा मंडळ निघालं. गोपाळराव वाळुंजकरांनी मेलेल्या जनावरांचं कातडं कमावण्याचं चर्मालय इथेच उभं केलं. चातीचा वेग किती, टकळीवर तासाला किती तार निघतात, सालीचा रस किती दिवसांत कातड्यात मुरतो, असल्या मोजमापांत हे गाव काही वर्षं बुडालेलं होतं. प्रयोगशाळा म्हणायला भिंती नव्हत्या, पण नोंदी चोख होत्या.

त्याच खादी चळवळीतली एक जाहिरात पेटंटच्या इतिहासकारांनी फारशी पाहिलेली नाही. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं. त्या काळचे एक लाख! अटी वाचल्या की गांधी किती पक्के बनिये होते ते कळतं. चरखा हाताने किंवा पायाने चालावा, खेड्यातल्या बाईला आठ तास न थकता चालवता यावा, तेवढ्या वेळात १२ ते २० नंबरचं १६,००० फूट सूत निघावं, किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, आणि यंत्र वीस वर्षं टिकावं. शेवटाकडे पेटंटची अट होती. संशोधकाने स्वतःच्या संरक्षणासाठी हवं तर पेटंट घ्यावं, पण बक्षीस पाहिजे असेल तर पेटंटचे हक्क चरखा संघाच्या नावे करून द्यावेत.

म्हणजे पेटंट वाईट असं गांधींनी म्हटलं नाही. डोकं चालवणाऱ्याला मोबदला हवा, हे त्यांना मान्य होतं, आणि मोबदला रोख द्यायची तयारीही होती. मात्र सूत काढायची रीत एकाच्या कुलपात राहू नये, म्हणून कुलपाचीच किंमत चुकवायची. ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही; अटी पुऱ्या करणारा चरखा आलाच नाही. पण अटीमागचा विचार जिवंत राहिला, आणि पुढे कर्करोगाच्या संदर्भात तो पुन्हा भेटतो, अगदी वेगळ्या माणसांच्या तोंडून.

पेटंट देण्याआधी सरकारी माणूस अर्ज तपासतो. हिंदुस्थानात पेटंट देणं १८५६ च्या कायद्याने सुरू झालं. त्या वर्षीच्या ३ मार्चला कलकत्त्याच्या जॉर्ज अल्फ्रेड डीपेनिंग यांनी पहिला अर्ज केला, तो पंखा ओढायच्या यंत्राचा. साहेबाच्या डोक्यावरचा पंखा ओढणाऱ्या माणसाची जागा घेणारं यंत्र! परीक्षकाचे मूळ प्रश्न ठरलेले आहेत. हे नवं आहे का? त्या धंद्यातल्या जाणकाराला सहज सुचलं नसतं, असं यात काही आहे का? उपयोग आहे का? स्वातंत्र्यानंतर भारताने त्यात आणखी एक प्रश्न जोरात जोडला: हे कुणाच्या मालकीचं होऊ देण्याजोगं तरी आहे का?

हा प्रश्न मांडणारा दस्तऐवज म्हणजे न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांचा १९५९ चा अहवाल. भारतातली बहुतेक पेटंटं परदेशी कंपन्यांच्या नावावर आहेत आणि त्यांतल्या बहुतेक वस्तू इथे बनतच नाहीत, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवलं. त्यातून १९७० चा पेटंट कायदा आला आणि २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळणार नाही, फक्त ते बनवण्याच्या प्रक्रियेवर मिळेल, ही त्याची गाजलेली तरतूद. मुंबई आणि आसपासचा औषधउद्योग तिच्यावर उभा राहिला. त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये, पेटंट कशावर मिळणार नाही याच्या यादीत, एक कमी गाजलेलं पोटकलम आहे. माणसावर करायच्या औषधी, शस्त्रक्रियात्मक, रोगनिवारक, रोगप्रतिबंधक किंवा इतर उपचाराची कोणतीही प्रक्रिया हा शोध मानायचा नाही. वैद्याच्या हाताला कुलूप नको, एवढा साधा हेतू त्यामागे होता. सर्जनने टाका कसा घालावा, हे ठरवण्यापूर्वी त्याला परवाना मागावा लागू नये.

या १९७० च्या यादीत ‘निदान’ हा शब्द नव्हता. तो २००२ च्या दुरुस्तीने आला आणि २० मे २००३ पासून अमलात आला. आपल्याकडच्या कुणा वैद्याला किंवा खासदाराला तो सुचला, असं समजायचं कारण नाही. १९९४ साली झालेल्या जागतिक व्यापार करारातल्या बौद्धिक संपदेच्या भागात देशांना एक मोकळीक दिली आहे: माणसांच्या किंवा जनावरांच्या उपचारासाठीच्या ‘निदानात्मक, उपचारात्मक आणि शस्त्रक्रियात्मक’ पद्धती पेटंटबाहेर ठेवता येतील. तिथले दोन शब्द उचलून आपल्या जुन्या यादीत घातले गेले. घातले कुठे, तर ‘रोगप्रतिबंधक’ आणि ‘किंवा इतर उपचार’ यांच्या मध्ये. आता वाक्य असं झालं: औषधी, शस्त्रक्रियात्मक, निवारक, प्रतिबंधक, निदानात्मक, उपचारात्मक किंवा इतर उपचार. निदान हा उपचाराचा प्रकार कधी झाला? आपल्या वैद्यकपरंपरेत निदान आणि चिकित्सा ही वेगळी प्रकरणं आहेत. माधवनिदान हा अख्खा ग्रंथ फक्त रोग ओळखण्यावर आहे. पण दोन शब्द खोचताना वाक्याचं व्याकरण कुणी पुन्हा वाचलं नाही. पुढची वीस वर्षं परीक्षक, वकील आणि न्यायाधीश त्याची किंमत मोजत होते.

युरोपच्या कायद्यातही निदानाला सूट आहे, पण तिथे ‘मानवी शरीरावर केलेल्या’ असे शब्द आहेत. रक्त काढून नळीत घेतलं की पुढची तपासणी शरीरावर होत नाही, म्हणून तिला पेटंट मिळू शकतं. आपल्या कलमात ‘शरीरावर’ हा शब्दच नाही. नळीतली तपासणी आत धरायची की बाहेर, याचं उत्तर कायद्याने दिलं नाही.

तिकडे अमेरिकेत याच प्रश्नाचं महाभारत चालू होतं. १९९० साली मेरी-क्लेअर किंग यांनी दाखवलं की काही घराण्यांत आईपासून मुलीकडे जाणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाचं मूळ सतराव्या गुणसूत्रावर आहे. मग नेमकं जनुक कोण आधी काढतं याची शर्यत लागली आणि १९९४ मध्ये युटाच्या मार्क स्कोल्निक यांच्या गटाने, म्हणजे मिरियाड जेनेटिक्स या कंपनीने, ती जिंकली. जनुकाचं नाव बीआरसीए-१. कंपनीने पेटंटं घेतली: शरीराबाहेर काढलेल्या त्या जनुकावर, आणि रुग्णाचा क्रम निरोगी क्रमाशी ताडून बिघाड ओळखण्याच्या पद्धतीवरही. तपासणीची किंमत ३,००० डॉलरच्या वर गेली. दुसरी प्रयोगशाळा ती करू लागली की वकिलाचं पत्र येई. एखाद्या बाईला अंडाशय काढून टाकण्याआधी दुसरीकडून खात्री करून घ्यावीशी वाटली, तर दुसरीकडे जायला जागा नव्हती.

मे २००९ मध्ये रोगनिदानतज्ज्ञांच्या संघटनेने, रुग्णांनी आणि नागरी हक्कांच्या वकिलांनी मिळून दावा लावला. मार्च २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीश रॉबर्ट स्वीट यांनी पेटंटं रद्द केली. २०११ मध्ये अपिलाच्या न्यायालयाने जनुकावरचं पेटंट टिकवलं. दोन क्रम फक्त ताडून पाहण्याच्या पद्धतीवरचं मात्र टिकवलं नाही. तो तर मनातल्या मनात होणारा व्यवहार आहे, तुलना करण्यावर हक्क कसा सांगणार, असं त्याचं म्हणणं. सामान्य लोकांच्या लक्षात निकाल राहिला तो पुढचा, १३ जून २०१३ चा: सर्वोच्च न्यायालयाचे नऊच्या नऊ न्यायाधीश एकमताने म्हणाले की निसर्गातला डीएनए वेगळा काढला म्हणून तो शोध होत नाही. मला मात्र २०११ चं ते वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. कर्करोगाचा बिघाड शोधणारी कुठलीही पद्धत शेवटी तिथेच येऊन थांबते: हा क्रम, तो क्रम, फरक कुठे.

अमेरिकेच्या निकालाआधी तीन महिने, मार्च २०१३ मध्ये, भारतीय पेटंट कार्यालयाने जैवतंत्रज्ञानाच्या अर्जांसाठी मार्गदर्शिका काढली होती. निसर्गातून थेट वेगळे काढलेले जनुकांचे क्रम, प्रथिनं, सूक्ष्मजीव यांना पेटंट नाही, असं तिच्यात स्वच्छ लिहिलं आहे. इकडे एवढी मोठी गोष्ट एका परिपत्रकाने, फारसा गाजावाजा न होता, झाली.

जनुकाचा प्रश्न असा सुटला, पण वाचण्याच्या रीतीचा उरला. कारण जनुक निसर्गाचं असलं तरी ते वाचायच्या यंत्रात आणि रसायनांत माणसाची अक्कल ओतलेली आहे. ती किती, हे एका उदाहरणाने सांगतो.

कर्करोगाच्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात सुटतात. हातातून दहा मिली रक्त काढून ते तुकडे वाचता आले, तर गाठ कापण्याआधी किंवा कापल्यानंतर रोग मागे उरला आहे का, हे कळू शकतं. अडचण अशी की रक्तात बहुतेक तुकडे निरोगी पेशींचे असतात. गाठीचा तुकडा हजारात एखादा, कधी त्याहून विरळ. आणि वाचणारं यंत्रही चुकतं, काही शे किंवा हजार अक्षरांमागे एखादं. म्हणजे सापडलेली चूक रोग्याची की यंत्राची, हेच कळत नाही. शिवाय वाचण्याआधी तुकड्यांच्या लाखो प्रती काढाव्या लागतात. प्रत काढतानाही चुका होतात आणि त्या चुकांच्याही प्रती निघतात.

यावरची युक्ती आपल्याकडच्या बायकांना समजावून सांगायची गरज पडणार नाही. लग्नाला, बारशाला भांडी उसनी जातात. सगळ्या घरची स्टीलची पातेली सारखीच दिसतात, म्हणून प्रत्येक पातेल्यावर नाव कोरून घेतलेलं असतं. कार्य उरकल्यावर ढिगातून ज्याचं त्याच्याकडे. २०११-१२ च्या सुमारास जॉन्स हॉपकिन्स आणि वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटांनी हेच डीएनएच्या तुकड्यांवर केलं. प्रती काढण्याआधीच प्रत्येक मूळ तुकड्याला दहा-बारा अक्षरांचं वेगळं शेपूट जोडायचं. मग लाखो प्रती वाचून झाल्या की एकसारख्या शेपटाच्या प्रती एकत्र गोळा करायच्या. एका घरच्या सगळ्या प्रतींत तीच चूक असेल तर ती मुळातली. एखाद्याच प्रतीत असेल तर ती यंत्राची, सोडून द्या. वॉशिंग्टनच्या गटाने तर डीएनएच्या दोन्ही धाग्यांवर नाव कोरलं आणि दोघांनी साक्ष दिली तरच चूक खरी मानली.

आता हा अर्ज परीक्षकाच्या टेबलावर आला आहे असं समजा. दाव्यात पायऱ्या लिहिल्या आहेत: रक्ताचा नमुना घेणे, तुकडे वेगळे करणे, शेपूट जोडणे, प्रती काढणे, क्रम वाचणे, गट करणे, फरक ओळखणे, आणि त्यावरून रुग्णास कर्करोग असल्याचे ठरवणे. परीक्षक पेन्सिल घेऊन बसतो. क्रम निसर्गातलाच आहे, म्हणून शोध नव्हे, असा कलम ३ च्या ‘सी’ खालचा आक्षेप. गट करण्याचं गणित म्हणजे गणिती पद्धत, अल्गोरिदम, तोही बंद. शेवटची पायरी म्हणजे निदान, तेही बंद. नावीन्यासाठी आधीचे लेख शोधायचे ते वेगळंच. मग पहिला परीक्षण अहवाल जातो आणि उत्तराला सहा महिने मिळतात. उत्तरात वकील दावे बदलून पाठवतो. ‘कर्करोग’ हा शब्द गेलेला असतो, ‘रुग्ण’ गेलेला असतो, ‘निदान’ तर नक्कीच गेलेलं असतं. उरते ‘न्यूक्लिक आम्लाच्या नमुन्यातील विरळ बदल ओळखण्याची पद्धत’. युक्ती तीच, यंत्र तेच, फक्त माणूस काढून टाकला. असे अर्ज वाचताना मला लग्नपत्रिकेतून वधूचंच नाव गाळल्यासारखं वाटतं.

परीक्षक हे काम शिकतात कुठे? नालवाडीहून गाडीने जेमतेम दीड-दोन तासांवर. १९८० साली केंद्र सरकारने नागपूरला पेटंट माहिती केंद्र काढलं. जगभरची पेटंट वर्णनं एका ठिकाणी साठवावीत, हा त्याचा हेतू. पुढे त्याच्या जोडीला बौद्धिक संपदेच्या प्रशिक्षणाची संस्था आली आणि आज ती सिव्हिल लाइन्समध्ये आहे. देशभरातून निवडलेले नवे परीक्षक, कुणी जीवरसायनशास्त्रातले, कुणी यंत्र अभियांत्रिकीतले, तिथे येऊन दावा वाचायला शिकतात. संत्र्याचं आणि उन्हाचं गाव म्हणून नागपूर सगळ्यांना माहीत, पण हे फारसं कुणी सांगत नाही.

आधीचं ज्ञान शोधता आलं नाही तर काय होतं, याचा धडा त्यांना हळदीच्या प्रकरणात मिळतो. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं. परीक्षकाने काही खोटं केलं नव्हतं. त्याच्या कपाटात हळदीचा कागद नव्हता, इतकंच. गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक. परिषदेने ३२ संदर्भ जमवून १९९६ मध्ये फेरतपासणी मागितली. आजीचा बटवा पुरावा म्हणून चालत नव्हता, छापील कागद लागत होता. त्यात भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ चा लेख कामी आला. १९९७ मध्ये दावे फेटाळले गेले.

कर्करोगाबाबत पेटंट कायद्याची खरी कसोटी मात्र तपासणीवर लागली नाही. ती लागली औषधावर आणि मुंबईत. २००५ च्या दुरुस्तीने औषधी पदार्थांना पेटंट मिळू लागलं होतं. मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या कर्करोगावरचं बायर कंपनीचं नेक्साव्हार हे औषध. मार्च २००८ मध्ये त्याला भारतात पेटंट मिळालं. महिन्याच्या १२० गोळ्यांना २,८०,४२८ रुपये. तीन वर्षं झाल्यावर, कायद्यातल्या कलम ८४ चा आधार घेऊन, हैदराबादच्या नॅटको कंपनीने सक्तीचा परवाना मागितला: आम्ही तेच औषध महिन्याला ८,८०० रुपयांत देऊ. मुंबईतून काम पाहणारे पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी ९ मार्च २०१२ रोजी तो दिला. देशातला तो पहिला सक्तीचा परवाना. नॅटकोने बायरला विक्रीवर ६ टक्के स्वामित्वशुल्क द्यावं असं ठरलं. अपिलात ते ७ टक्के झालं. जुलै २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय कायम केला आणि त्या वर्षअखेर सर्वोच्च न्यायालयानेही हात घातला नाही.

आकडे पाहून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात, आणि त्या वाजल्याही. पण या आदेशात पेटंट रद्द झालेलं नाही. बायरचा हक्क राहिला, मोबदला राहिला, फक्त कुलपाची एक किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली गेली. चरखा संघाच्या अटीशी याचं नातं आहे असं म्हटलं तर वकील हसतील. मला ते दिसतं. मात्र तपासणीच्या बाबतीत कायद्याने ही मधली वाट ठेवलेली नाही. निदान असेल तर पेटंटच नाही, मग परवाना कशाचा? आणि निदान नसेल, तर पूर्ण कुलूप.

हा पेच अखेर चेन्नईला सुटायला गेला. हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठाचे डेनिस लो यांनी १९९७ मध्ये दाखवलं होतं की गर्भवतीच्या रक्तात बाळाचे डीएनएचे तुकडे तरंगत असतात. ते वाचून गर्भाचा जनुकीय आराखडा काढण्याच्या पद्धतीचा अर्ज भारतात आला आणि निदान म्हणून फेटाळला गेला. कर्करोगाचे तुकडे शोधणं आणि गर्भाचे तुकडे शोधणं, मूळ अडचण एकच: रक्तातल्या इतर डीएनएच्या गर्दीत विरळ तुकडे. गर्भाच्या तपासणीला आपल्या राज्यात आणखी एक काळी बाजू आहे. लिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, तो उगाच नव्हे.

१२ ऑक्टोबर २०२३ रोजी मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सेंथिलकुमार राममूर्ती यांनी निकाल दिला. त्यांनी ते खोचलेले दोन शब्द अक्षरशः चिमट्यात धरून तपासले. अर्जदार म्हणत होते की कलम फक्त शरीरावर होणाऱ्या तपासणीपुरतं आहे. न्यायालयाने ते मानलं नाही. ‘शरीरावर’ हा शब्द कायद्यात नाही, तो आम्ही घालणार नाही. नळीतली तपासणीही निदान असू शकते. मग निदान कशाला म्हणायचं? पद्धत स्वतःच, तिच्या पोटातूनच, उपचार करता येईल अशा रीतीने रोग किंवा विकार उघड करत असेल, तर ते निदान. नुसती माहिती देत असेल, ज्यावरून पुढे आणखी तपासण्या कराव्या लागतील, तर नाही. या कसोटीवर गर्भाचा आराखडा काढणं निदानात बसलं नाही आणि फेटाळणीचा आदेश रद्द झाला.

निकालाच्या ओघात न्यायमूर्तींनी धोरण ठरवणाऱ्यांपुढे एक पर्याय ठेवला: सूट फक्त शरीरावरच्या निदानापुरती ठेवावी, बाकीच्याला पेटंट द्यावं आणि जनतेच्या गरजेसाठी सक्तीच्या परवान्याची सोय करावी. म्हणजे मुंबईतली किल्ली तपासणीच्या कुलपालाही बसवावी. न्यायालयाला एवढंच म्हणता येतं. कलम बदलणं संसदेचं काम.

नव्या कसोटीवर आपल्या पातेल्यांच्या युक्तीचं काय होतं? ती ज्या चुका शोधते त्यांतल्या काही थेट औषध ठरवतात, काही फक्त शंका निर्माण करतात. एकाच पद्धतीने एका रुग्णात निदान होतं, दुसऱ्यात नुसती माहिती मिळते. परीक्षक मात्र रुग्ण पाहत नाही, दावा पाहतो, आणि दाव्यातून वकिलाने रुग्ण आधीच काढून टाकलेला असतो.

या सगळ्यात गालाच्या कर्करोगाचं काय? त्याच्या जनुकांचा मोठा अभ्यास भारताने केला आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग जनुकसंच संघात भारताच्या वाट्याला गाल आणि हिरडीच्या सांध्याचा कर्करोग आला. जिथे खर्रा धरतात, नेमकी तीच जागा. खारघरची टाटांची संशोधनसंस्था आणि कल्याणीची जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था यांनी आधी ५० आणि मग आणखी ६० रुग्णांच्या गाठी तपासल्या आणि २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. त्या संघाची एक अट होती: सदस्यांनी मूळ माहितीवर बौद्धिक संपदेचा हक्क सांगायचा नाही. म्हणून कुठल्या जनुकांत बिघाड असतो, ही यादी आज कुणीही उघडून वाचू शकतो. ती वाचायची यंत्रं आणि रसायनं मात्र पैसे मोजूनच येतात.

तालुक्याच्या गावाहून बसने सेवाग्रामला आलेला माणूस अजून त्या यंत्रांपर्यंत पोहोचत नाही. त्याच्या गालातला तांदळाएवढा तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत पडतो, बाटलीवर नाव-वय-गाव लिहिलेली चिठ्ठी चिकटते. रात्रभरात तुकडा मेणात बसतो, सकाळी त्याचे पातळ काप निघतात, काचेवर चढतात आणि दोन रंगांच्या पाण्यातून फिरतात, एक निळसर, एक गुलाबी. एकोणिसाव्या शतकापासून जगभर हेच दोन रंग वापरतात. मग कुणीतरी खुर्ची पुढे ओढून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतं. बाहेर बाकावर नातेवाईक बसलेले असतात, आणि गावची परतीची शेवटची बस किती वाजता आहे, ते शेजारच्याला विचारत असतात.